अक्षदाच्या फॉर्मवरची सही

(बेंबळीतल्या शाळेचं कार्यालय, दुपारचे दोन. टेबलामागं मुख्याध्यापक कृष्णराज सर. समोर गावातले बडे बागायतदार बलभीमराव नाईकनवरे. अयोध्या सुरवसे एसटी कंडक्टरच्या खाकी कपड्यांत, काखेत फाईल घेऊन नुकतीच आत आलेली.)

कृष्णराज सर : बसा ना ताई. उभं राहून कशाला बोलायचं? तसं विशेष काही नाही. फक्त तुमच्या अक्षदाचा फॉर्म मी जरा थांबवलाय.

अयोध्या : जरा म्हणजे किती, सर? पोरगी राज्याच्या खो-खो संघात निवडली गेलीया. आज साडेपाचच्या गाडीनं पुण्याला शिबिराला निघायचं हाय. चारच्या आत फॉर्म आला न्हाय तर राखीव पोरीला घेऊ, असा मला क्रीडा कार्यालयातून फोन आला. अर्धी ड्युटी टाकून आले म्या.

कृष्णराज सर : मला कल्पना आहे. शाळेचाच गौरव आहे तो. पण एक अर्ज आलाय. आलेला अर्ज मला मान्यही करता येत नाही, अमान्यही करता येत नाही. म्हणून मी तो आवक नोंदवहीत चढवून ठेवलाय.

अयोध्या : कुणाचा अर्ज?

बलभीमराव : माझा. इकडं बघून इचारलंस तरी चालंल. तेरा वर्सं झाली, किती दिवस तोंड फिरवून जाणार हायस?

अयोध्या : तोंड म्या फिरवलं न्हवतं, आबा. वाचा सर, काय लिहिलंय.

कृष्णराज सर : "विषय : माझी नात कुमारी अक्षदा हिचे नाव दुरुस्त करणेबाबत. महोदय, शाळेच्या दप्तरी सदर मुलीचे नाव अक्षदा अयोध्या सुरवसे असे चुकीने लागले आहे. ते अक्षदा रणधीर नाईकनवरे असे करावे. तसेच वडील रणधीर यांचे संमतीशिवाय तिला परगावी पाठवू नये. आपला विश्वासू, बलभीम नाईकनवरे, आजोबा."

अयोध्या : आजोबा.

बलभीमराव : व्हय, आजोबा. माझ्या रणधीरची पोरगी हाय ती, गावात कुणालाबी इचार. नाक बघ तिचं. खास नाईकनवऱ्याचं नाक हाय.

अयोध्या : जन्मली तवाबी तेच नाक होतं. तवा तुमाला दिसलं न्हाय, आता पेपरात फोटो आल्यावर दिसायलंय.

कृष्णराज सर : मी एक मधला मार्ग सुचवू का? आईचं नाव ठेवू, वडलांचंही लावू, दोन्ही आडनावं घालू. अक्षदा अयोध्या रणधीर सुरवसे नाईकनवरे. थोडं लांब होईल, पण कुणी नाराज नको.

अयोध्या : सर, तिच्या जर्सीच्या पाठीवर एवढी जागा न्हाय.

बलभीमराव : जागेचं काय घेऊन बसलीस? म्या फाट्यावर फ्लेक्स लावलीया. बघितलीस का?

अयोध्या : चार दिवस झाले, माझी गाडी तिथूनच जायली. पब्लिक मलाच वाचून दाखवायली. मधी तुमचा फोटो, फेटा बांधून. त्याच्या खाली रणधीर. बाजूला त्याचा शिवराज, वर "युवा नेते" लिहून. नऊ वर्साचं लेकरू ते, त्याला नेता कामून करायलाव? आन जिची निवड झाली ती खाली कोपऱ्यात, आधार कार्डावरल्या फोटोएवढी.

बलभीमराव : तिचा मोठा फोटो घावला न्हाय आमाला.

अयोध्या : मागितला होता कुणाला?

बलभीमराव : हे बघ, चांगल्या मनानं केलंय म्या. खाली काय लिहिलंय ते बी वाच की. "लेकीबाळीचा मान राखणारं घराणं."

कृष्णराज सर : ताई, आपला पंचायत समितीचा गण यंदा महिलांसाठी सुटलाय. आबांच्या सूनबाई, रणधीररावांच्या पत्नी शिवांजलीताई, उभ्या राहतायत.

अयोध्या : आस्सं. म्हणून नात आठवली.

बलभीमराव : इलेक्शनचा काय संबंध न्हाय त्यात.

कृष्णराज सर : मग प्रचार कधी सुरू करताय आबा? शिवांजलीताई दिसल्या नाहीत चार दिवस.

बलभीमराव : ती माहेराला गेलीया. नळदुर्गला.

कृष्णराज सर : ऐन धामधुमीत?

बलभीमराव : फ्लेक्स वाचली तिनं. मला म्हणली, मामंजी, ही नात अक्षदा रणधीर म्हणायलाव, मग माझं लग्न कितवं? आन बॅग भरून गेली. बाईमाणसाला राजकारण कळत न्हाय.

अयोध्या : उमेदवार मातर तीच हाय.

बलभीमराव : सर, तुमी कायद्याचं बोला. हिच्या नादी लागू नका. लेकरू कुणाचं असतंय? बापाचं. कायदाच हाय तसा. हाय का न्हाय?

कृष्णराज सर : तसं सर्वसाधारणपणे, वडील हे नैसर्गिक पालक. आम्ही वडलांची सही घेतोच. आता तुमच्याच शिवराजचं बघा ना. मागच्या महिन्यात शिवांजलीताई आल्या होत्या, त्याला सोलापूरच्या शाळेत घालायचं म्हणून दाखला मागायला. मी म्हणालो, रणधीररावांची सही आणा. तीन हेलपाटे झाले त्यांचे, रणधीरराव काही घरी सापडले नाहीत.

बलभीमराव : बघ. लग्नाच्या बायकूला बी सही आणावी लागती. तू तर…

अयोध्या : बोला की पुढचं. म्या तर काय?

बलभीमराव : न्हाय, तसं न्हाय.

अयोध्या : म्या बिनलग्नाची. बोला बिनधास्त, मला त्याचा राग येत न्हाय आता. सर, हा कागद घ्या. मोठ्यानं वाचा. छप्पन सालचा कायदा हाय, अठराच्या आतल्या लेकराच्या पालकाचा. हिरव्या पेनानं खूण केली तेवढंच वाचा.

कृष्णराज सर : कलम सहा. नैसर्गिक पालक. मुलगा किंवा अविवाहित मुलगी असेल तर पिता, आणि त्याच्यानंतर माता.

बलभीमराव : आयकलंस? पिता.

अयोध्या : दम खावा, आबा. पुढं हाय. ते लग्नाच्या लेकराचं झालं. खालची ओळ वाचा, सर.

कृष्णराज सर : अनौरस मुलगा किंवा अनौरस अविवाहित मुलगी असेल तर… माता, आणि तिच्यानंतर पिता.

बलभीमराव : उलटं कसं काय लिहिलंय ते? छपाईची चूक असंल.

कृष्णराज सर : नाही आबा, बरोबर छापलंय. मला वीस वर्षांच्या नोकरीत ही ओळ वाचायची वेळ आली नव्हती.

अयोध्या : मला आली. हिचा जन्माचा दाखला काढायला गेले, म्हणले बापाची सही. आधारला गेले, बाप कुठं हाय? बँकेत गेले, बापाला घेऊन या. म्या सांगायची, साहेब, बाप बेंबळीलाच हाय, पांढऱ्या गाडीत फिरतो, तुमीच घेऊन या. पाचव्या की सहाव्या टेबलावर एक म्हातारे वकील बसले होते, महांतप्पा म्हणून, उमरग्याकडचे. त्येनी ही ओळ दाखवली. म्हणले, बाई, ह्याची झेरॉक्स करून ठेव, तुला जन्मभर लागंल. तवापासून फाईलीत हाय.

कृष्णराज सर : म्हणजे ज्यांचं रीतसर लग्न झालंय, त्या शिवांजलीताई दुसऱ्या नंबरच्या पालक…

अयोध्या : आन मला सगळ्या गावानं नावं ठेवली, ती म्या पयली. सर, कोर्टानं पुढं सांगितलंय की नवरा लक्षच देत न्हाय, तर लग्नाची आई बी सही करू शकती. देऊन टाका तिला दाखला.

कृष्णराज सर : त्यांचे पती हयात आहेत ना, ताई.

अयोध्या : म्हणून तर अडकलीय ती.

बलभीमराव : ही सगळी वकिली पढवलेली हाय. औरस-अनौरस काय असतंय? माझं रगात हाय ते. म्या माझ्या नातीला अनौरस म्हणू देणार न्हाय कुणाला.

अयोध्या : तुमीच म्हणलाव, आबा. तेबी स्टॅम्पवर.

बलभीमराव : कधी?

अयोध्या : सातवा महिना चालू होता मला. सर, तुमी ह्या गावात नवीन हाव, तुमाला म्हाईत नसंल. म्या मूळची माकणीची. नळदुर्गला दवाखान्यात कामाला होते, रणधीरची तिथं ट्रॅक्टरच्या पार्टची एजन्सी होती. दोन वर्सं एका खोलीत राहिलो. रजिस्टर लग्नाची नोटीस द्यायला शुक्रवारी जायचं ठरलं होतं. गुरुवारी आबा दोन जीपा घेऊन आले आन ल्योकाला घेऊन गेले. त्यानं चप्पल बी घातली न्हवती. जिन्यावरनं मला एवढंच म्हणला, आबा म्हणतेत तसं करू.

बलभीमराव : जुनं कशाला उकरायचं?

अयोध्या : उकरत न्हाय, कागद काढायली. हा घ्या सर. शंभराचा स्टॅम्प. खाली रणधीरची सही, माझी सही, आन साक्षीदार म्हणून आबांची. झोकात केलीया, खाली दोन रेघा मारून.

कृष्णराज सर : "लिहून देणार व लिहून घेणार यांच्यात कोणत्याही रीतीने विवाह झालेला नाही. होणारे अपत्य, मुलगा असो वा मुलगी, त्यावर लिहून देणार रणधीर बलभीम नाईकनवरे अथवा त्यांच्या कुटुंबाचा कसलाही हक्क, ताबा व संबंध नाही, व पुढे केव्हाही सांगितला जाणार नाही." आबा, हे भारीच पक्कं केलंय.

बलभीमराव : चांगला वकील लावला होता म्या.

कृष्णराज सर : ते दिसतंच आहे.

बलभीमराव : "मुलगा असो वा मुलगी" हे म्याच घालाय लावलं. वकील म्हणत होता गरज न्हाय. म्या म्हणलं, असू द्या, उद्या मुलगा झाला तर ही रानात हिस्सा मागत येईल.

अयोध्या : आले न्हाय मागत. गजरामावशीनं मला इथं बेंबळीत ठेवून घेतलं, तिच्या घरात बाळंत झाले. तुमच्या वाड्यापासनं चौथी गल्ली. सात वर्सं झाली, पोरगी तुमच्या दारावरनं शाळेत जाती. एकदा तरी हाक मारली का?

बलभीमराव : आता मारायलोय की.

अयोध्या : फ्लेक्सवर, वीस फूट लांबीची.

कृष्णराज सर : आबा, कागदावर मुद्दा सरळ दिसतोय. लग्न झालेलं नाही, हे तुम्हीच लिहून दिलंय. लग्न नाही म्हणजे पहिली पालक आई. तिची सही मला पुरेशी आहे.

बलभीमराव : थांबा. मग लग्न झालं होतं, असं धरू.

कृष्णराज सर : धरू म्हणजे?

बलभीमराव : म्हणजे झालंच होतं. नळदुर्गला. घाईत झालं, म्हणून गाजावाजा केला न्हाय. पाच-पन्नास माणसं जेवून गेली. म्हणाल तेवढे साक्षीदार हुबे करतो. आपला गोरोबा आचारी सांगंल, त्यानंच सैपाक केलता.

अयोध्या : काय केलं होतं?

बलभीमराव : बुंदी. बुंदी आन मसालेभात.

अयोध्या : गोरोबा आता चोवीस वर्साचा हाय, आबा. तवा धा-अकराचा होता.

बलभीमराव : त्याच्या बापानं केला असंल मग. तेवढं कुठं ध्यानात राहतंय लग्नाच्या गडबडीत?

अयोध्या : बरं, झालं लग्न. मला कबूल हाय. सर, कोरा कागद द्या आबाला. आबा, लिहा, रणधीरचं आन अयोध्याचं लग्न झालं होतं. सही करा. दोन रेघा मारा.

बलभीमराव : आन मग पयला पालक बाप?

अयोध्या : व्हय. मग बाप.

बलभीमराव : पेन द्या, सर.

कृष्णराज सर : देतो, पण आबा, जरा थांबा. माझं कायद्याचं ज्ञान वर्तमानपत्रापुरतं आहे, तरी विचारतो. पहिलं लग्न झालं होतं तर मोडलं कधी? काडीमोड?

बलभीमराव : झालंच न्हवतं तर काडीमोड कशाचा?

कृष्णराज सर : आता झालं होतं ना.

बलभीमराव : हां. मग काडीमोड न्हाय.

कृष्णराज सर : म्हणजे पहिली बायको हयात, काडीमोड नाही, आणि त्यावर शिवांजलीताईंशी लग्न. मग ते लग्न कायद्यानं लग्नच ठरत नाही. आणि दुसरं केलं म्हणून रणधीररावांवर गुन्हा होऊ शकतो, तो वेगळा.

अयोध्या : म्या तक्रार देणार न्हाय. शिवांजलीचा भाऊ दील. तो पोलिसात हाय ना सोलापूरला?

बलभीमराव : आन शिवराज?

अयोध्या : शिवराजला म्या कधी वाईट शब्द लावणार न्हाय. माझ्याच गाडीत बसतो कधी कधी, गुणाचं पोरगं हाय. पण तुमी माझ्या पोटातल्या लेकराला जो शब्द लावलाव, तो गावाच्या तोंडनं उठून त्याच्या दारात जाऊन बसंल. म्या धाडला म्हणून न्हाय. तुमच्या ह्या सहीनं.

कृष्णराज सर : आणि अक्षदा औरस मुलगी ठरली, की वडिलार्जित जमिनीत तिला जन्मापासून हिस्सा. आता मुलींनाही मुलाच्या बरोबरीनं असतो.

बलभीमराव : म्या फोटोत जागा दिली होती तिला. रानात न्हाय.

अयोध्या : पेन घ्या, आबा.

बलभीमराव : राहू दे.

कृष्णराज सर : मग हा अर्ज?

बलभीमराव : मागं घेतो. तसं लिहा काय तरी. गैरसमजातून दिला गेला, असं.

कृष्णराज सर : बरं झालं. जावक नोंदवहीत घेतो लगेच. एक विचारू, आबा? अर्ज तुमचा, पण वडील रणधीरराव. त्यांची सही का नव्हती?

बलभीमराव : त्येला इचारलं होतं. म्हणला, आबा, तुमी म्हणताव तसं करू.

अयोध्या : तेरा वर्सांत एक शब्द बदलला न्हाय त्यानं.

कृष्णराज सर : ताई, उद्या त्यांना खरंच वाटलं, की मुलगी आपल्याकडं असावी, तर?

अयोध्या : तर कोर्ट हाय की. त्यानं स्वतः जावं, मी बाप हाय म्हणून न्यायाधीशाच्या पुढं सांगावं. कोर्ट पोरीचं भलं कशात हाय ते बघंल, तिला इचारंल. त्याला मना न्हाय. पण आजोबाच्या अर्जावर हेडमास्तरनं फॉर्म दाबून ठेवायचा, हे कुठल्या कलमात बसत न्हाय, सर.

कृष्णराज सर : दाबला नव्हता हो. प्रलंबित ठेवला होता.

अयोध्या : द्या इकडं. कुठं करायची सही?

कृष्णराज सर : इथं. "वडील/पालक" लिहिलंय तिथं. थांबा, "वडील" खोडतो मी. खाडाखोड केली म्हणून माझीही सही लागेल. ही घ्या. शिक्का. आता फोटो काढून क्रीडा कार्यालयाला पाठवतो. रेंज खिडकीपाशी येते.

बलभीमराव : अयोध्या.

अयोध्या : हां.

बलभीमराव : तिला सांग, संरक्षणाला उतरती तवा सारखी डाव्या अंगानं वळू नको म्हणावं. समोरच्या पोरीला कळतंय ते. तुळजापूरच्या मॅचला तशीच बाद झाली, सव्वा दोन मिनिटावर.

अयोध्या : तुळजापूरच्या मॅचला तुमी होता?

बलभीमराव : देवीला गेलतो.

अयोध्या : आन लातूरच्या?

बलभीमराव : खताचं काम होतं. वाटंत मैदान लागलं. दुसऱ्या डावात तिनं खांबापाशी पोरगी बाद केली का न्हाय, आख्खं अंग झोकून, मला वाटलं आता तोंड फुटतंय हिचं. उठून हुबा राहिलो म्या. बाजूचा म्हणला, म्हातारबा, बसा खाली, मागं दिसंना.

अयोध्या : तिनं एकदा सांगितलं होतं मला. एक पांढऱ्या टोपीचे बाबा सगळ्या मॅचला येतेत म्हणून. मला वाटलं, क्रीडा खात्याचे असतील.

बलभीमराव : तिनं वळखलं व्हतं का?

अयोध्या : ती तुमाला वाड्यावरनं न्हाय, मॅचवरनं वळखती, आबा. फ्लेक्सवर तुमाला बघून काल मला म्हणली, आई, हे तर आपल्या मॅचचे बाबा. ह्येनी माझं नाव चुकीचं कामून लिहिलंय?

बलभीमराव : तू काय सांगितलंस?

अयोध्या : म्हणलं, इचारून सांगते.

कृष्णराज सर : पोचला. ताई, फॉर्म पोचला. तीन वाजून दहा मिनिटं. उलट निरोपही आला, ठीक आहे म्हणून. सुटलो बुवा.

बलभीमराव : सर, तुमच्याकडं त्या फ्लेक्सवाल्याचा नंबर असंल की. फोन लावा. म्हणावं, सांजच्या आत उतरव.

कृष्णराज सर : आणि नवी लावायची, की…

बलभीमराव : उतरव एवढंच सांगा.

अयोध्या : निघते म्या. पोरीची बॅग भरायची राहिलीया.

बलभीमराव : पुढल्या मॅचा कुठं हायत?

अयोध्या : शिबिर झालं की इंदूरला. राष्ट्रीय हाय.

बलभीमराव : लांब हाय.

अयोध्या : लांब हाय.

बलभीमराव : म्या आलो तर?

अयोध्या : मैदानात कुणीबी बसतंय, आबा. म्या कुणाला उठवत न्हाय.

बलभीमराव : आन बाजूच्यानं इचारलं, म्हातारबा, ती कोण तुमची, तर काय सांगू?

अयोध्या : आमच्या गावची पोरगी हाय म्हणा.

बलभीमराव : एवढंच?

अयोध्या : सध्या एवढंच.